पंचवीस सेंटचे कलम

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरील वाढीव आयातकर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा आमच्या व्यापारी बांधवांच्या तोंडी एकच प्रश्न होता : साऱ्या जगाला खुल्या व्यापाराचा धडा शिकवणारा देश असे कसे वागू शकतो? पुढे त्या दरात फेरबदल झाले, आणखीही होतील. त्यांचा हिशेब मांडण्यासाठी आम्ही आज लेखणी उचललेली नाही. आम्हाला बोलायचे आहे ते बांधवांच्या त्या आश्चर्याबद्दल. अमेरिकेच्या प्रजासत्ताकाची पहिली चाळीस-पन्नास वर्षे ज्याने वाचली आहेत, त्याला आश्चर्य वाटण्याचे काहीच कारण नाही. त्या इतिहासात हिंदुस्थानी कापडाचे एक प्रकरण आहे. ते कापड विणणाऱ्यांत हिंदू तांती होते, तसेच मुसलमान जुलाहेही होते. हे प्रकरण आमच्या शाळांतून शिकवत नाहीत आणि आमच्या बाजारांतही कोणी सांगत नाही.

एक खुलासा आधीच करतो. मराठीत आयातकराला जकात म्हणण्याची जुनी पद्धत आहे. आमच्या वाचकांसाठी ज़कात म्हणजे दीनचा एक रुक्न, गरिबांचा हक्क. येथे ज्या कराची गोष्ट आहे तिच्यात गरिबाला देणे नव्हते, त्याच्याकडून घेणे होते. म्हणून आम्ही या लेखात 'आयातकर' हाच शब्द वापरू.

१७८३ साली इंग्रजांशी तह होऊन अमेरिका स्वतंत्र झाली, तेव्हा तो शेतकऱ्यांचा आणि जहाजवाल्यांचा देश होता. कारखाना म्हणावा असे फारसे काही नव्हते. नव्या राज्यघटनेखाली काँग्रेस भरल्यावर अगदी सुरुवातीलाच, ४ जुलै १७८९ रोजी, आयातकराचा कायदा झाला. दर माफक होते आणि मुख्य हेतू तिजोरी भरण्याचा होता. त्या सरकारचे बहुतेक उत्पन्न बंदरांवरच गोळा होत असे. अलेक्झांडर हॅमिल्टन या पहिल्या अर्थमंत्र्याने १७९१ च्या डिसेंबरात कारखानदारीवर एक मोठा अहवाल काँग्रेसपुढे ठेवला. जो देश आपले कापड आणि आपली हत्यारे स्वतः बनवत नाही त्याचे स्वातंत्र्य कच्चे, असा त्याचा रोख होता. नव्या धंद्यांना सरकारने रोख मदत द्यावी ही त्याची सूचना मात्र काँग्रेसने बासनात गुंडाळून ठेवली.

जहाजवाल्यांची चलती होती. मॅसॅच्युसेट्समधील सेलम आणि बोस्टन या बंदरांतील जहाजे १७८० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबई, सुरत, मद्रास, कलकत्ता येथे येऊ लागली. १७९४ च्या जे तहाने इंग्रजांच्या ताब्यातील हिंदुस्थानी बंदरांत अमेरिकन जहाजांना रीतसर प्रवेश मिळाला. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया हे या अमेरिकन कप्तानांचे विश्वासू आडते होते. त्यांचे चित्र आजही सेलमच्या संग्रहालयात आहे. अमेरिकन जहाजे इकडून काय नेत? साखर, नीळ, आले, कातडी नेत. पण सर्वांत मोठा माल कापडाचा. बाफ्ता, सन्ना, मामूदी (म्हणजे आपली महमूदी) ही नावे तिकडच्या दुकानदारांच्या वहीत रोजची होती. बारीक मलमल श्रीमंतांसाठी जात असे. पण मोठा खप होता तो जाड्याभरड्या कापडाचा, शेतकऱ्याच्या सदऱ्याला, खलाशाच्या अंगरख्याला आणि गुलामाच्या अंगावर घालायला. स्वस्त असल्यामुळेच ते खपत होते.

मग १८०७ साल आले. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या युद्धात अमेरिकन जहाजे दोन्हीकडून पकडली जात होती. अध्यक्ष जेफरसन यांनी २२ डिसेंबर १८०७ रोजी परदेशी व्यापारच बंद करणारा कायदा केला. जहाजे बंदरात कुजू लागली, खलाशी बेकार झाले. १८०७ मध्ये सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरची असलेली निर्यात १८०८ मध्ये सव्वादोन कोटींच्या आसपास आली. सेलम-बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी जेफरसन यांना काय काय दूषणे दिली असतील याची कल्पना आमच्या वाचकांना सहज येईल. १८०९ च्या मार्चमध्ये तो कायदा उठला, पण दरम्यान एक गोष्ट घडून गेली होती. बाहेरचे कापड येईना म्हणून सूतगिरण्या निघू लागल्या. १८०८ च्या आधी सुमारे १५ गिरण्या होत्या. १८०९ अखेर ८७ उभ्या झाल्याची किंवा होत असल्याची नोंद अर्थमंत्री गॅलाटिन यांच्या अहवालात आहे. पुढे १८१२ ते १८१५ इंग्लंडशी युद्ध झाले आणि आणखी तीन वर्षे दारे बंद राहिली.

गिरण्यांचे ज्ञान कसे आले तेही सांगण्यासारखे आहे. इंग्लंडने कारागिराला आणि यंत्राच्या नकाशाला देशाबाहेर जाण्यास कायद्याने बंदी घातली होती. सॅम्युएल स्लेटर नावाचा तरुण डर्बीशायरच्या गिरणीत उमेदवारी करून सारे यंत्र डोक्यात साठवून १७८९ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी ऱ्होड आयलंडमध्ये त्याने सूत काढून दाखवले. त्याचे पहिले कामगार सात ते बारा वर्षांची नऊ मुले होती. ही बाजूही झाकून ठेवू नये. आमच्या कारखान्यांतून लहान मुले कामाला लावणाऱ्यांना 'सगळ्या देशांत असेच झाले' हा दाखला फार आवडतो. पण मागची चूक हा आजचा परवाना होत नाही.

आमच्या गोष्टीतील मुख्य माणूस दुसरा आहे : फ्रान्सिस कॅबट लॉवेल. हा बोस्टनचा व्यापारी. हिंदुस्थानी कापड मागवून विकणे हा त्याच्याही धंद्याचा भाग होता. १८१० ते १८१२ तो इंग्लंडमध्ये राहिला, मँचेस्टरचे यंत्रमाग पाहिले, आणि परत येऊन पॉल मूडी या हुशार मिस्त्रीच्या मदतीने स्वतःचा यंत्रमाग तयार केला. त्याचा भागीदार पॅट्रिक ट्रेसी जॅक्सन हा त्याचा मेहुणा. तोही हिंदुस्थानच्या व्यापारात मुरलेला, कलकत्ता पाहिलेला. १८१३ मध्ये त्यांनी बोस्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि वॉल्थम गावी गिरणी उभारली. कापूस आत जायचा आणि विणलेले कापड बाहेर पडायचे, सारे एका छताखाली. भांडवल सावकाराकडून व्याजाने उचललेले नव्हते. नात्यागोत्यातल्या आणि ओळखीच्या मोजक्या व्यापाऱ्यांनी भाग घेऊन ते उभे केले. नेथन ॲपलटन याला दहा हजार डॉलर घालण्याची गळ घातली, त्याने प्रयोग चालतो का ते पाहू म्हणून पाचच हजार घातले. नफा झाला तर सर्वांचा, बुडाले तर सर्वांचे. आमच्या फिक़हच्या किताबांतील मुशारका हीच असा दावा आम्ही करणार नाही, ते उलेमांनी सांगावे. पण 'व्याजाशिवाय मोठा धंदा उभाच राहू शकत नाही' असे म्हणणाऱ्यांनी वॉल्थमच्या गिरणीचे पहिले पान वाचावे.

१८१५ मध्ये शांतता झाली आणि बंद दारे उघडली. इंग्लंडच्या गोदामांत साचलेला माल पडेल भावाने अमेरिकेत ओतला जाऊ लागला, आणि हिंदुस्थानची जहाजेही पुन्हा सुटली. ऱ्होड आयलंडच्या गिरण्या पटापट बंद पडू लागल्या. मालक वॉशिंग्टनला धावले. त्यांची मागणी भरमसाट कर लावण्याची होती, तर जहाजवाल्यांची आणि शेतकऱ्यांची अजिबात नको अशी. लॉवेलही वॉशिंग्टनला गेला; पण त्याने मागितले ते थोडे, आणि नेमके.

२७ एप्रिल १८१६ रोजी जो कायदा झाला त्यात सुती कापडावर २५ टक्के कर होता. काही वर्षांनी तो २० टक्क्यांवर यावा अशीही तरतूद होती. ऐकायला किती माफक! पण पुढे एक लहानसे कलम होते : ज्या सुती कापडाची किंमत चौरस वाराला २५ सेंटपेक्षा कमी असेल, त्याची किंमत २५ सेंटच आहे असे धरून कर आकारावा.

वाचकांनी येथे थांबून कागद-पेन्सिल घ्यावी. इंग्लंडचे ५० सेंट वाराचे चांगले कापड आले, तर कर साडेबारा सेंट, म्हणजे सरळ २५ टक्के. आता समजा, हिंदुस्थानचे जाडे कापड ६ सेंट वाराने आले. खऱ्या किमतीवर २५ टक्के म्हणजे दीड सेंट झाला असता. पण कलमाप्रमाणे किंमत धरायची २५ सेंट, त्यावर कर सव्वासहा सेंट. मालाच्या किमतीपेक्षा कर जास्त! ९ सेंटचे कापड असेल तर कर सुमारे ७० टक्के. म्हणजे माल जितका गरिबाचा, तितका कराचा बोजा जड. कायद्यात हिंदुस्थानचे नाव कोठेही नव्हते. कोणत्याही देशाविरुद्ध भेदभाव केला असे म्हणायला जागा नव्हती. तरी त्या एका कलमाने हिंदुस्थानी जाड्या कापडासाठी अमेरिकेचे दार जवळजवळ लावून टाकले. आणि नेमके तसलेच जाडे कापड वॉल्थमचे यंत्रमाग विणत होते.

हे कलम लॉवेलनेच पटवून दिले, असे ॲपलटनने पुढे लिहून ठेवले आहे. पटवले कोणाला? दक्षिण कॅरोलिनाच्या लाउंड्स आणि कॅलहून यांना. दक्षिणेकडील हे पुढारी कापूस पिकवणाऱ्यांचे. हिंदुस्थानचे कापड हिंदुस्थानच्या कापसाचे असते. ते थांबले तर ती जागा तुमच्या कापसाचे कापड घेईल, हा मुद्दा त्यांना लागला. प्रतिनिधिगृहात ८८ विरुद्ध ५४ मतांनी कायदा पार पडला.

आमच्या मते या प्रकरणातील शिकण्यासारखी जागा हीच आहे. हे कलम कोणा प्राध्यापकाला सुचले नसते. वाराचा भाव सेंटापर्यंत ज्याला तोंडपाठ होता, कोणते कापड कोणत्या भावाला कोणत्या बंदरातून निघते हे ज्याने स्वतःच्या वहीत लिहिले होते, अशा माणसाने ते सुचवले. जो काल हिंदुस्थानी कापडाचा गिऱ्हाईक होता, त्याच्या ज्ञानाचाच उपयोग हिंदुस्थानी कापड अडवायला झाला. आणि ज्याच्या ताटातील भाकरी जाणार होती तो ढाक्याचा, बीरभूमचा, लखनौचा विणकर? त्याला या चर्चेचा पत्ताही नव्हता. त्याच्या वतीने बोलणारे सरकारच नव्हते. कंपनी सरकार होते, आणि कंपनी सरकारला त्याची पर्वा कधीच नव्हती.

परिणाम काय झाला? रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या आर्थिक इतिहासात आकडे दिले आहेत. अमेरिकेला जाणाऱ्या हिंदुस्थानी कापडाच्या गाठी १८०१ मध्ये १३,६३३ होत्या. १८२९ मध्ये त्या २५८ उरल्या. हे सारे एकट्या त्या कलमाने झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मँचेस्टरच्या यंत्राने हिंदुस्थानी कापडाला सगळ्याच बाजारांत गाठले होते. पोर्तुगाल आणि डेन्मार्कला जाणारा मालही याच काळात आटला. तरीही अमेरिकेचे गिऱ्हाईक मोठे होते आणि ते गेले.

आता दुसरी बाजू, जी आमच्या काही मित्रांना आवडणार नाही. कर लावून लॉवेलची मंडळी गादीवर लोळत बसली नाहीत. ॲपलटनच्याच हिशेबाप्रमाणे त्यांचे कापड १८१६ मध्ये वाराला ३० सेंट होते, १८१९ मध्ये २१ झाले, १८२६ मध्ये १३ आणि १८२९ मध्ये साडेआठ. म्हणजे कराच्या आडोशाला मिळालेला वेळ त्यांनी यंत्र सुधारण्यात घातला. आमच्याकडे संरक्षणाची मागणी करताना आम्ही हा भाग विसरतो. वर्षानुवर्षे सूट, अनुदान, वीजदरातील सवलत मागणारे, आणि माग मात्र आजोबांच्या वेळचाच ठेवणारे किती आहेत हे आमच्या यंत्रमागवाल्या बांधवांनीच मोजावे.

आणि त्या यशाखाली काय गाडले गेले तेही पाहावे. त्या गिरण्यांचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या हातचा होता. त्या गुलामांत पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेले कलमागो मुसलमानही होते. फुता जालोनच्या सरदार घराण्यातले अब्दुर रहमान १७८८ मध्ये विकले जाऊन मिसिसिपीकाठच्या नॅचेझ गावी एका मळेवाल्याकडे आले आणि सुमारे चाळीस वर्षे तेथे राबले. त्यांनी १८२६ मध्ये अरबीत लिहिलेले पत्र मोरोक्कोच्या सुलतानापर्यंत पोहोचले आणि सुलतानाच्या रदबदलीने १८२८ मध्ये त्यांची सुटका झाली. हे काम ज्या परराष्ट्रमंत्र्याच्या हातून झाले तो हेन्री क्ले, म्हणजे देशी कारखानदारीसाठी उंच आयातकराचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता. अब्दुर रहमान १८२९ मध्ये लायबेरियात वारले; त्यांची बहुतेक मुले-नातवंडे तेव्हाही गुलामीतच होती. स्वस्त कापडाच्या भावात हा हिशेब कोणी धरला नव्हता.

त्या काळच्या राजकारणाबद्दल एक मौजेची गोष्ट. १८१६ मध्ये कराच्या बाजूने बोलणारा कॅलहून १८२८ पर्यंत कराचा कट्टर विरोधक झाला होता, कारण दक्षिणेच्या मळेवाल्यांना महाग माल घ्यावा लागत होता. आणि १८१६ मध्ये जहाजवाल्यांची बाजू घेणाऱ्या डॅनियल वेबस्टरने १८२८ मध्ये वाढीव कराला मत दिले, कारण मधल्या काळात त्याच्या बोस्टनचा पैसा जहाजांतून गिरण्यांत गेला होता. तत्त्वे तीच होती, तिजोऱ्या बदलल्या. घरातही फूट होती. जॅक्सनची एक बहीण लॉवेलला दिलेली, दुसरी हेन्री ली या व्यापाऱ्याला. म्हणजे लॉवेल आणि ली साडू. ली कलकत्त्यात राहून आलेला, हिंदुस्थानच्या व्यापारावर जगणारा. १८२७ मध्ये बोस्टनच्या नागरिकांच्या समितीने वाढत्या कराविरुद्ध जो गाजलेला अहवाल काढला तो त्याच्याच लेखणीतला. एका साडूने दार लावले, दुसरा ते उघडण्यासाठी आयुष्यभर भांडला.

हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण हे पान वाचणाऱ्यांतही दोन्ही साडू आहेत. कापडाचा ठोक व्यापारी स्वस्त परदेशी माल मागतो. मागवाला तो अडवा म्हणतो, पण सूत मात्र त्याला स्वस्तच हवे असते, आणि सूतगिरणीवाला त्यावर कर मागतो. एकाच मोहल्ल्यात, कधी एकाच घरात हे तिघे असतात. जुम्याच्या नमाजात खांद्याला खांदा लावतात आणि बाहेर येऊन आपल्याला एकमेकांच्या धंद्यातले कळत नाही म्हणतात. व्यापारी आणि कारागीर यांची एकच मागणी असू शकते हा भ्रम आहे. पण दोघांनी एका सतरंजीवर बसून आकडे मांडले तर मधली वाट सापडू शकते. बोस्टनच्या लोकांना ती सापडली असे नाही. पण ते भांडले ते छापील अहवाल हातात घेऊन.

किमान किमतीचे ते हत्यार इतिहासजमा झाले असे कोणी समजू नये. २०२४ च्या मार्चमध्ये आमच्याच सरकारने परदेशातून येणाऱ्या काही कृत्रिम धाग्यांच्या निटेड कापडावर किलोला साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत लावली. त्यापेक्षा स्वस्त माल आणायचा नाही, असा तो हुकूम होता. सुरतेच्या कारखानदारांना त्याने हायसे वाटले, तयार कपडे शिवणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. आमच्या किती बांधवांनी तो हुकूम निघाल्याच्या आठवड्यात वाचला होता? आम्ही विचारून पाहिले. बहुतेकांना तो माल अडकल्यावर किंवा भाव बदलल्यावर कळला.

१८१६ नंतरचा शेवटचा भाग अरबी समुद्रावरचा आहे. १८३३ मध्ये मस्कत-झांझिबारच्या सय्यद सईद यांच्याशी अमेरिकेने व्यापाराचा तह केला. मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांचे कोरे जाडे कापड झांझिबारला उतरू लागले आणि पूर्व आफ्रिकेच्या बाजारात त्याचे नावच 'मेरिकानी' पडले. आमच्या उर्दूतील 'मारकीन' हा शब्दही 'अमेरिकन'चाच अपभ्रंश. त्या बाजारात तोवर कच्छ-सुरतेकडचे कापड चालत असे. मेरिकानीने त्याला मागे सारले. ते विकणारे आडते पुष्कळदा कच्छी आणि खोजा व्यापारीच होते. त्यांना दलाली मिळत राहिली. १८४० मध्ये सय्यद सईद यांचे 'सुलताना' जहाज खजूर, कॉफी, लवंग आणि हस्तिदंत घेऊन अहमद बिन नामान यांच्या देखरेखीखाली न्यूयॉर्कला गेले. परतीच्या मालात अमेरिकन कापडाच्या गाठी होत्या.

आमची सूचना साधी आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर येथील मागवाल्यांच्या आणि कापड व्यापाऱ्यांच्या संघटनांनी मिळून एक जाणता माणूस पगारावर ठेवावा. त्याचे काम एकच : दिल्लीतून निघणारी आयात-निर्यातीची प्रत्येक अधिसूचना त्याच दिवशी वाचणे, ती मराठीत आणि उर्दूत दोन पानांत उतरवणे, आणि हरकती मागवल्या असतील तर मुदतीच्या आत आकड्यांसह हरकत पाठवणे. मागामागे महिन्याला दोन-चार रुपये वर्गणी निघाली तरी त्याचा पगार सुटेल. वर्गणी कोणी गोळा करायची यावर मात्र आमच्याकडे सहा महिने वाद होईल, हे आम्ही आत्ताच सांगून ठेवतो.